ताबावाचं निजलेलं मूल

दुसरी खुरपणी अर्ध्यावर आली होती, तेव्हा ताबावा भर वावरात मटकन खाली बसली. बाई वावरात बसते यात नवल नाही, पण ताबावा बसली याचं नवल होतं. तीन वर्षांत तिला उकिडवं बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. पोट मध्ये यायचं. लांब दांड्याचं खुरपं उभ्यानं ढकलत ती बाजरीच्या ओळी काढायची आणि वाकायची वेळ आली की बांधापलीकडून मला हाक मारायची. त्या दिवशी तिनं दांडा टाकला, दोन्ही हात पोटाखाली घातले आणि बसली. तोंडावर राखेचा रंग आला होता.

मी माझा भुईमूग सोडून धावले.

"मावशी," ती दातांतून म्हणाली, "जागं झालं वाटतं."

मी डेलू. मरादी शहराच्या उत्तरेला आमचं गाव, आणि गावात निम्म्याहून जास्त माणसं माझ्या हातांवर जन्मलेली. मी सुईण आहे आणि मला त्याचा ताठा आहे, उगीच कशाला नाही म्हणा. ताबावाचा नवरा बारौ तापानं गेला त्याच्या दुसऱ्या महिन्यात तिनं मला बोलावलं. पाळी चुकली होती. मी पोट चाचपलं तर हाताला गोल, टणक लागलं. मी म्हणाले, बारौ काहीतरी ठेवून गेलाय. नऊ महिने झाले, दहा झाले, वर्ष झालं. पोट वाढत होतं, मूल येत नव्हतं. तेव्हा मी म्हणाले, निजलंय. आमच्याकडे हे जगावेगळं नाही. आईला मोठं दुःख झालं की पोटातलं मूल निजतं आणि आपल्या मर्जीनं उठतं. माझ्या आईच्या आईनं असं सांगितलं, मी गावाला सांगितलं, आणि मी सांगितलं म्हणून गावानं मान्य केलं.

गावचे मौलवी मालम याहुझा, त्यांनीही मान्य केलं. त्यांच्या पुस्तकांत आहे की मूल पाच वर्षांपर्यंत आईच्या पोटात राहू शकतं. म्हणून बारौचं वावर वाटलं गेलं नाही. मूल बाहेर येईपर्यंत ते ताबावानं कसायचं ठरलं. आता चार पावसाळे झाले होते. कातड्याच्या एका व्यापाऱ्यानं मध्ये तिला मागणी घातली, चांगला माणूस होता, पण नवऱ्याचं मूल पोटात आहे तोवर बाई नवऱ्याचीच, म्हणून त्याला चहा पाजून परत पाठवलं. पोरंटोरं तिला पाहून ओरडायची, "अगं, त्याला शाळेत घाल की आता." ती हसायची. हसून पोट धरायची.

बारौचा धाकटा भाऊ नोमौ. घरात आठ तोंडं आणि वावर म्हणजे नुसते दगड. मूल नाही असं ठरलं तर बारौच्या वावराचा पाव हिस्सा ताबावाला आणि बाकी सगळा नोमौला जाणार होता. रोज सकाळी आधी वहिनीच्या पोटाकडे बघतो आणि मग नमाजाला जातो, असं त्याची बायको सगळ्यांना सांगायची. पण चार वर्षांत त्यानं वाकडा शब्द काढला नाही, हेही खरं.

त्या दिवशी तोच बैल जुंपून आला.

"वहिनी, चल दवाखान्यात."

"तुझं काय जातंय? पोट रिकामं झालं की तुझं वावर भरलं," ताबावा म्हणाली. ती चटईवर कुशीला पडून घामानं निथळत होती.

"आणि न्हाई गेलीस, मेलीस, तर? वावर तरी बी माझंच की."

"बघ मावशी. खरं ते बोलला."

नोमौनं डोकं खाजवलं. "मी आपलं सरळ बोललो. उठ आता."

"कणसं तरी बाहेर पडू दे. खुरपणी अर्धी ऱ्हायलीया."

"माझी पोरं करत्याल."

"म्हंजे तुझे पाय आत्ताच शिरले वावरात."

"वहिनी, तण कुणाची वाट बघत न्हाई. तुझी न्हाई आन् माझी बी न्हाई."

तेवढ्यात पुन्हा कळ आली आणि तिचं बोलणं तिथंच राहिलं. आम्ही दोघांनी तिला उचलून गाडीत घातलं. एवढी सडपातळ बाई, पण उचलताना माझ्या कमरेतून आवाज आला. गाडीतून पक्क्या रस्त्यापर्यंत आणि तिथून पुढे कांद्याच्या पोत्यांवर बसून मोटारीनं. प्रत्येक खड्ड्याला ती माझं मनगट दाबायची. मनगटावर तिच्या बोटांचे वळ चार दिवस होते.

मरादीच्या दवाखान्यात टेबलाशी एक पोरगी वहीत लिहीत होती. "कितवा महिना?"

"चार वर्षं," ताबावा म्हणाली.

पोरीचा हात थांबला. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्कन हसलं, मग ती पोरगीही हसली. ताबावा जमिनीकडे बघत राहिली. तिची मान तशी खाली गेलेली मी कधी पाहिली नव्हती.

"हसायला काय झालं?" मी म्हणाले. "तुझ्या आईनं घाई केली, नऊ महिन्यांत काढलं, म्हणून तू अशी कच्ची ऱ्हायलीस."

मग कुणी हसलं नाही. नंतर मात्र सगळं भराभर झालं. पोटावर गार तेल चोपडून यंत्र फिरवलं, काचेच्या पाटीमागे उभं करून फोटो काढला. डॉक्टर लावाली नावाचा बारीक अंगाचा माणूस होता, आमच्याच भागातला, बोलणं आमचंच. त्यानं तो काळा फोटो खिडकीला लावून धरला.

"आजी, हे काय दिसतंय?"

"दात."

"किती?"

"चार."

"मग?"

"मग काय? चार वर्षांच्या पोराला दात न्हाई यायचे तर कुणाला यायचे?"

तो स्टुलावर बसला. हसला नाही, त्याबद्दल मला तो आवडला. मग ताबावाकडे तोंड करून बोलला.

"हे मूल नाही. गाठ आहे. वाईट नाही, अंगात पसरणारी नाही. बाईच्या अंगात बी असतं ना, त्यातलं एखादं बी भरकटतं. त्याला नवरा लागत नाही, काही लागत नाही. आपलं आपण केस करतं, दात करतं, चरबी करतं. जे येतं ते करत बसतं. दहा वर्षांच्या पोरीच्या पोटातूनसुद्धा मी काढलीय. एवढी मोठी मात्र पहिल्यांदा बघतोय. तिचा देठ पिळला गेलाय, म्हणून ही कळ. आज काढली नाही तर आतल्या आत सडेल."

"मी चाचपलं तवा डोकं लागलं हाताला," मी म्हणाले.

"हाड असेल. त्यातच दात आहेत."

"आन् हलायचं ते?"

"त्यांचीच आतडी."

मला लाज वाटली, आणि ती लाज कुठं ठेवावी हे कळेना. कातड्याचा व्यापारी आठवला, आणि पोटावर एक हात ठेवून उभ्यानं खुरपणारी ताबावा आठवली. चार वर्षं माझ्या एका शब्दावर चालली होती ती.

ताबावानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हंजे बारौचं न्हाई?"

"नाही."

"मग कुणाचं?"

"तुमचं. एकट्या तुमचं."

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

कागदावर घरच्या पुरुषाचा अंगठा हवा होता. नोमौ बाहेर कडुनिंबाखाली होता. पोट उघडायचंय एवढंच त्याला सांगितलं. त्यानं अंगठा दिला, चघळायला दोन कोलाच्या बिया माझ्या हातावर ठेवल्या आणि आभाळाकडे बघून परतीची मोटार धरली. पाऊस उघडला होता आणि तण वाढत होतं.

तिला आत न्यायची वेळ झाली तेव्हा तिनं मला खाली वाकायची खूण केली.

"मावशी, डॉक्टर काय बी म्हणू दे. मालम तुला इचारणार. म्हण, मुलगा हुता. एकदा रडला आन् गेला."

मी सरळ व्हायला लागले तर तिनं मनगट धरलं.

"मी मालमच्या घरच्या बायांकडनं काढून घेतलंय सगळं," ती भराभर बोलत होती. "मूल जलमून एकदा जरी रडलं तरी ते बापाचं वारस. मग मेलं की त्यातलं आईला मिळतं. रडलं न्हाई तर काय बी न्हाई. आन् रडलं का न्हाई ह्यात गडीमाणसाचा शबूद चालत न्हाई, सुईणीचाच चालतो. मुलगा म्हणालीस तर एकशेचाळीस पावलं रुंद तुकडा माझा. न्हाईतर चौऱ्याऐंशी. चौऱ्याऐंशी पावलांत वरीसभर चूल पेटती का, तूच सांग."

"अगं, मी आजवर कुणाच्या जलमाबद्दल खोटं—"

"चार वर्षं बोललीस की. ते काय हुतं?"

ती रागानं बोलली नाही, म्हणून ते जास्त लागलं. तिला आत नेलं.

मी बाहेर बसले. दोन नमाजांमधला वेळ गेला. मग डॉक्टर स्वतः दारात आला, कपाळावर घाम, आणि म्हणाला, "बाई बरी आहे. आजी, बघायचंय?"

बघायचं होतंच. एवढी बाळंतपणं केली, पण पोटाच्या आत काय चालतं ते मी फक्त हातानं वाचलेलं, डोळ्यांनी कधीच नाही. त्यानं माझ्या हातांत रबरी मोजे चढवले. मोठ्या परातीत ते ठेवलं होतं, साडेनऊ किलो भरलं म्हणाला. वरून गुळगुळीत, पांढुरकं, थोरल्या भोपळ्याएवढं, एका बाजूला पिळून काळंनिळं पडलेलं. त्यानं सुरी फिरवली आणि आतून पिवळट लोणी बाहेर आलं, थिजलेलं. लोण्यात केस होते. वीतभर लांब, काळे, ओले, गुंता झालेले. मी बोटांनी उकलत गेले. तळाशी हाडाचा एक तुकडा आणि त्यात चार दात, दाढांसारखे, स्वच्छ. कधी कशाला लागलेच नव्हते ते.

"तोंड कुठंय?"

"तोंड नाही."

"दात हायत आन् तोंड न्हाई?"

"नाही."

"मग दात कशाला केलं त्यानं?"

"आजी, हे मला माहीत असतं तर मी मरादीत असतो का?"

मी ते तीन वेळा उलटंपालटं केलं. डोळा शोधला, बोट शोधलं, नख शोधलं. एका जागी कातडीचा तुकडा होता, बाळाच्या टाळूसारखा मऊ, आणि त्यावर बारीक लव. मी विचारत गेले आणि तो सांगत गेला. सरळ सांगायचं तर तेवढा वेळ मला ताबावाची आठवण राहिली नाही. लाजही राहिली नाही. वाटलं, साठ वर्षं मी दाराबाहेर उभी होते आणि आज कुणीतरी कडी काढली.

ताबावाला कमरेखाली सुन्न केलं होतं. ती जागी होती. तिनं बघायला मागितलं. डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. मी केस साबणानं धुतले आणि त्यानं ताटलीतून नेले. तिनं एका बोटानं त्यांना हात लावला, जरा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाली, "न्या."

बाकीचं औषधाच्या बरणीत घालून तपासायला राजधानीला गेलं. आठव्या दिवशी निरोप आला की स्वच्छ आहे, आणि डॉक्टर म्हणाला, आत काही राहिलं नाही, दुसऱ्या बाजूची बियांची पिशवी शाबूत आहे. तोवर ताबावा चालायला शिकत होती. शिकतच होती म्हणायचं, कारण इतकी वर्षं ती पोटाच्या भाराला तोल म्हणून मागं रेलून चालायची. भार गेला, रेलणं राहिलं. पहिल्या दिवशी ती मागच्या मागं जायला लागली, मी धरली म्हणून वाचली. टाके जरा सुकल्यावर एका दुपारी बघते तर पालथी झोपलेली. गाल चटईला लावून, तोंड उघडं, घोरत. शेजारच्या खाटेवरच्या बाया बघायला आल्या. मी त्यांना हाकललं आणि तिथंच बसून राहिले.

आम्ही परतलो तेव्हा बाजरीची कणसं बाहेर पडली होती. नोमौच्या पोरांनी वावर कोपऱ्यापर्यंत साफ केलं होतं. बांधाच्या कडेचं तण काढायचा सगळेच कंटाळा करतात, तेही काढलं होतं. ताबावा ते बघत बांधाच्या टोकापर्यंत चालत गेली. नोमौनं तिच्या पोटाकडे बघितलं, लुगड्याला आता सुरकुत्या पडत होत्या, आणि मान वळवली.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर मालम याहुझांनी सगळ्यांना बोलावलं. पुरुष पुढे, आम्ही बाया मागच्या चटईवर. दवाखान्याचा कागद मी कमरेला खोचला होता, पण मालम उजवीकडून डावीकडे वाचतात आणि तो कागद डावीकडून उजवीकडे लिहिलेला, त्यामुळे त्याला कुणी विचारलं नाही.

"डेलू," मालम म्हणाले, "ह्यात तुझा शबूद चालतो, माझा न्हाई. सांभाळून बोल. बाहेर आलं?"

"आलं."

"माणसाचं हुतं?"

"केस हुते. दात हुते."

गडी पुटपुटले. आतापर्यंत मी खोटं बोलले नव्हते. नोमौ मान खाली घालून एका काडीनं मातीत रेघा ओढत होता.

"रडलं?"

चार वर्षांपूर्वी याच तोंडानं मी चूक केली ती न कळता. आता जे करणार होते ते कळून. पुढं नोमौची पाठ दिसत होती, सदऱ्याला दोन ठिगळं. शेजारी ताबावाचा श्वास ऐकू येत होता. मी तिचं जास्त देणं लागत होते.

"रडलं," मी म्हणाले. "एकदा."

नोमौची काडी थांबली. मालमनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. मग विचारलं, "मुलगा का मुलगी?"

शब्द तयार होता. वाटेत घोकला होता. पण मूल हातात आलं की मी सगळ्यात आधी तेच बघते, आणि सगळ्यात आधी तेच ओरडून सांगते. आयुष्यभराची सवय. मी मनातल्या मनात बघायला गेले आणि समोर ती परात आली, लोणी आणि केस. जीभ उचलेना. मालम थांबले. पुरुष मागं वळून बघायला लागले.

"मुलगी," ताबावा म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. ती समोर बघत होती.

मालमनी खजुराच्या बिया काढल्या आणि वाळूत मांडल्या. बायकोला आठवा हिस्सा. मुलीला निम्मं. उरलेलं भावाला. मुलगी गेली, तेव्हा तिच्या वाट्याचा तिसरा हिस्सा आईला, बाकी काकाला. बिया इकडून तिकडे सरकल्या. दोनदा मोजून ते म्हणाले, "अठ्ठ्याण्णव पावलं."

एकशेचाळीस नाही. चौऱ्याऐंशीवर चौदा. माझ्या खोट्याची एवढीच कमाई झाली, आणि त्या जागीही मला हसू यायच्या बेतात होतं.

"नाव?" मालम म्हणाले.

"तलातु," ताबावा म्हणाली. "मंगळवारची आली."

मालमनी तळवे वर केले. सगळ्यांनी केले. प्रार्थना संपली तरी नोमौचे हात तोंडावरून खाली येईनात. मग तो नाक शिंकरून उठला.

"दादाची लेक," तो कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानंच पावलं मोजली. मी आणि ताबावा बांधावर उभ्या होतो. चौऱ्याऐंशीपर्यंत तो नेहमीसारखा चालला. पुढं त्याच्या टांगा लांब पडायला लागल्या, इतक्या की ओळीतली बाजरीची ताटं मोडायची वेळ आली.

"अरं, मोजतोस का उड्या मारतोस?" ताबावा ओरडली.

"पुतणीचं हाय वहिनी. आखडून कसं मोजू?"

त्यानं दगड रोवला आणि तिकडं दुसऱ्या कडेला निघून गेला. आम्ही दोघीच राहिलो.

"मुलगा म्हणायचं ठरलं हुतं," मी म्हणाले. "तूच शिकवलंस मला. बेचाळीस पावलं घालवलीस."

"तोंडात मुलगाच आला हुता, मावशी." ती वाकली, सहज वाकली, आणि मोडलेलं एक ताट सरळ करून त्याच्या बुडाशी माती दाबली. "पण इतकी वर्षं मी तिला पोरी म्हणत आले. सकाळी उठ पोरी, आता खुरपायचंय पोरी. चारचौघांत तिचं नाव एकदाच निघणार हुतं. तवा बी मुलगाच म्हणू का तिला?"

परातीतलं ते मी तीन वेळा उलटंपालटं करून बघितलं होतं. तोंड नव्हतं, हात नव्हते, मुलगा नव्हता आणि मुलगीही नव्हती. डॉक्टरनं सांगितलेलं ताबावानं ऐकलं होतं, तिला सगळं ठाऊक होतं. तरी मला उद्या देवानं विचारलं तर मी हेच सांगणार आहे, की त्या दिवशी मालमसमोर खोटं बोलले ती मी. ताबावा खोटं बोलली नाही.